सगळ्या संस्थांची चावीमावशी

लाकडाच्या एका व्यापाऱ्याला मूलबाळ नव्हतं. मरताना त्याने आपली तीन मजली इमारत एका ट्रस्टच्या नावे केली आणि मृत्युपत्रात एवढीच अट घातली, की इथल्या खोल्या स्वतःसाठी नव्हे तर दुसऱ्यांसाठी काही करणाऱ्यांनाच द्याव्यात. व्यापारी भाबडा असावा. दुसऱ्यांसाठी काही करणारी माणसं किती असतात, त्यांना खुर्च्या किती लागतात आणि सभा संपल्यावर त्या खुर्च्या जागेवर कोण ठेवतं, याचा विचार काही त्याने केला नव्हता. तो विचार चावीमावशीच्या वाट्याला आला.

लग्न होऊन आली तेव्हा तिचा नवरा या इमारतीचा रखवालदार होता. जिन्याखालची खोली त्यांना राहायला. मुलगी तिथेच रांगली, तिथेच शाळेत गेली, तिथूनच सासरी गेली. नवरा गेल्यावर ट्रस्टच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही सांभाळाल का?" तर ती म्हणाली, "आत्तापर्यंत कोण सांभाळत होतं?" नवरा मनाने चांगला होता, पण जिना चढायची वेळ आली की त्याला नेमकं दुसरं काहीतरी आठवायचं. चाव्यांचा जुडगा पहिल्यापासून हिच्याच कमरेला. म्हणून ती चावीमावशी. तिच्याहून वयाने मोठे म्हातारेसुद्धा तिला मावशीच म्हणायचे.

इमारतीत काय नव्हतं! तळमजला मुलांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेकडे होता. काचेचं दार, थंड हवा, अंगठा लावून हजेरी, बाहेर दोन गाड्या उभ्या. तिथली पोरंपोरी गळ्यात ओळखपत्रं घालून फिरत आणि मावशीला रोज न चुकता गुड मॉर्निंग म्हणत. तिथून एक जिना चढलं की जग बदलायचं. पहिल्या मजल्यावर अंधांसाठी पुस्तकं वाचून ती ध्वनिमुद्रित करणाऱ्या बायका, त्यांच्या शेजारी पांगळ्यांना कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या वापरायला देणारी एक संस्था, आणि कोपऱ्यात बेवारस प्रेतांचे अंत्यसंस्कार करणारं मंडळ. दुसऱ्या मजल्यावर ज्येष्ठ नागरिकांची संघटना होती. तिच्यात भांडण होऊन एक गट फुटला, पण फुटून जायला दुसरीकडे जागा मिळेना, म्हणून त्यांनी त्याच खोलीत मधोमध प्लायवूड ठोकलं. एका बाजूला ज्येष्ठ नागरिक संघ, दुसऱ्या बाजूला ज्येष्ठ नागरिक महासंघ. महासंघात माणसं कमी होती. पलीकडे बुद्धिबळवाले, आणि अडखळत बोलणाऱ्यांचं एक मंडळ. हे लोक आठवड्यातून एकदा जमून एकमेकांचं बोलणं शांतपणे ऐकून घ्यायचे. मावशीला सगळ्यांत तेच आवडायचे, कारण त्यांच्यात कुणी कुणाचं वाक्य तोडायचं नाही. बाकीच्या खोल्यांत दुसरं काही चालायचंच नाही.

तिसऱ्या मजल्यावर पक्षी बघणारे होते, नदीचं पाणी तपासणारे होते, आणि अगदी टोकाच्या खोलीत 'सार्वजनिक घड्याळ सुधार मंडळ' होतं. शहरातली बंद पडलेली मोठी घड्याळं चालू व्हावीत म्हणून सरकारकडे पाठपुरावा करणं हे मंडळाचं काम. मंडळात पूर्वी बरेच जण होते म्हणे. आता एकटे घड्याळकाका उरले होते. पोस्टातून निवृत्त झालेले. ते रोज येत, खोली उघडून घेत, स्वतःच अध्यक्षांच्या खुर्चीत बसून चिटणीसांचं काम करत.

या सगळ्यांची मावशी. म्हणजे कुणाचा दिवा गेला, मावशी. नळ गळतोय, मावशी. संघाने महासंघाच्या खुर्च्या पळवल्या, मावशी. प्रत्येकाला वाटायचं, ती आपलीच. लोकांचं भलं होताना तिने इतक्या जवळून आणि इतकी वर्षं पाहिलं होतं, की आता कुणी भाषणाला उभं राहिलं तरी तिला उष्टे कपच दिसायचे. राग नव्हता तिच्या मनात. नुसता शीण होता. त्यात गुडघा बोलायला लागला होता. आधी तो मुकाट दुखायचा, आता पायरीगणिक कटकट वाजायचा. लेक फोनवर म्हणायची, "आई, ये ना आता इकडे. किती दिवस करणारेस?" मावशी म्हणायची, "बघू. एकदा इथलं मार्गी लागू दे." पण इथलं मार्गी लागणार म्हणजे काय होणार, हे तिलाही सांगता आलं नसतं.

अशात एके दिवशी सकाळी एक माणूस दारात आला. किडकिडीत, चप्पल झिजलेली, खांद्याला फुगलेली पिशवी. राज्यात अशा संस्था एकूण किती आहेत, त्यातल्या किती खरोखर चालू आहेत, त्यात किती माणसं पगारी आणि किती फुकट राबतात, हे सरकारला मोजायचं होतं. त्यासाठी खात्यातली माणसं दारोदार धाडली होती, आणि या भागाचे हे मोजणीवाले साहेब. साहेब म्हणण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं, पण मावशीने सवयीने साहेब म्हटलं.

"एकाच पत्त्यावर एवढ्या संस्था?" त्यांनी दारावरच्या पाट्या खालपासून वरपर्यंत पाहिल्या आणि तिथेच पायरीवर बसले. "पाणी मिळेल का?"

मावशीने पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाले, "काल एका ठिकाणी गेलो. सात मजली इस्पितळ. तीही संस्थाच. आतल्या आत हरवलो. त्याच्या आधी एका बाईच्या स्वयंपाकघरात गेलो होतो. ओट्याखाली एक पत्र्याची पेटी, तेवढीच संस्था. माझ्या कागदावर दोघांना एकेकच ओळ."

"मग इथे तुम्हाला बऱ्याच ओळी लागतील," मावशी म्हणाली. "चला, उघडून दाखवते. बरेच लोक संध्याकाळी येतात. तुम्ही पुन्हा यायचात आणि मी पुन्हा जिना चढायचा, त्यापेक्षा एकदाच होऊन जाऊ दे."

तळमजल्यावर त्यांना वेळ लागला नाही. ओळखपत्रवाल्या पोरीने सगळी माहिती छापूनच हातात ठेवली. वर मात्र गाडी अडायला लागली. दुसऱ्या मजल्यावर संघाचे अध्यक्ष भेटले, ते म्हणाले, "पलीकडच्यांना मोजू नका, ती खरी संस्था नाही." पलीकडून प्लायवूडमधून आवाज आला, "ऐकू येतंय मला." साहेबांनी दोघांनाही मोजलं. तिसऱ्या मजल्यावर घड्याळकाकांनी त्यांना बसवून घेतलं आणि पहिल्या बंद घड्याळापासून सुरुवात केली.

साहेबांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, तुमचं काम कशात धरू? शिक्षण, आरोग्य, कला, पर्यावरण..."

"वेळ," काका म्हणाले.

"वेळ असा रकाना नाहीये."

"मग करून घ्या."

साहेबांनी कपाळ चोळलं आणि 'इतर' लिहिलं. बाहेर आल्यावर ते मावशीला हळूच म्हणाले, "खरं सांगू? हे 'इतर'च सगळ्यांत जास्त भरत चाललंय. एक जण हरवलेल्या माणसांच्या शोधात असतो. एक मंडळ नुसतं विधुरांना स्वयंपाक शिकवतं. माणसाला जे जे म्हणून दुखणं होतं, त्याची कुणीतरी कुठेतरी संस्था काढलेली आहे. पहिल्या महिन्यात मला फार भरून यायचं. आता पाय दुखतात."

"होतं तसं," मावशी म्हणाली.

"तुम्ही कुणाच्या? म्हणजे कुठल्या संस्थेत दाखवू तुम्हाला?"

"मी ट्रस्टची. इमारतीच्या."

"त्या ट्रस्टमध्ये आणखी कोण?"

"वकील होते, ते गेले. एक भाचा आहे व्यापाऱ्यांचा, तो परदेशी असतो. पगार पाठवतो, माणूस चांगला आहे. बाकी मीच."

"म्हणजे तीही एक संस्था झाली," साहेब खिन्नपणे म्हणाले आणि भिंतीला वही टेकवून लिहायला लागले. मावशी पुढे होऊन जिना उतरायला लागली. तिसरी की चौथी पायरी असेल. गुडघ्याने एकदम अंग काढून घेतलं. तिने कठडा धरायला हात टाकला, तो जुडग्यात अडकला, आणि ती घसरत जिन्याच्या वळणावरच्या चौकात जाऊन पडली.

ओरडली वगैरे नाही. साहेब धावत खाली आले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक, आणि एक पाय भलत्याच कोनात.

"हलू नका," साहेब म्हणाले. "कुणाला बोलावू?"

प्रश्न सोपा होता. माणसांच्या मदतीला धावायचं म्हणून बांधलेल्या संस्थांनी ती अख्खी इमारत भरलेली होती. साहेब आधी ज्येष्ठांकडे गेले. संघाचे अध्यक्ष बिचारे लगबगीने बाहेर आले, मावशीकडे बघून हळहळले, पण त्यांची मदतीची योजना पासष्टच्या पुढच्यांसाठी होती आणि मावशीला अजून तीन वर्षं होती. महासंघाला वयाची अट नव्हती, पण सभासदत्व लागायचं, आणि तो अर्ज कार्यकारिणीपुढे जायचा. साहेब तळमजल्यावर पळाले. तिथली पोरगी कळवळली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण गाड्या फक्त मुलांच्या कामासाठी होत्या. मोठ्या माणसाला बसवलं की कुठे कुठे खुलासे द्यावे लागायचे, आणि वरिष्ठ नेमके बाहेरगावी. तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. रुग्णवाहिका दूर कुठेतरी अडकली होती, थांबा म्हणाले.

साहेब पुन्हा वर आले. "मावशी, पहिल्या मजल्यावर चाकाच्या खुर्च्या आहेत. मघाशी बघितल्या मी. ती चावी द्या."

"त्यांच्या चिटणीसबाई नाहीत आत्ता."

"चावी तुमच्याकडे आहे ना?"

"चावी माझी आहे, खुर्ची त्यांची आहे," मावशी म्हणाली. "न विचारता मी कुणाचं कुलूप उघडलेलं नाही आजवर. आज माझंच हाड मोडलं म्हणून उघडू?"

"अहो, त्या लोकांसाठीच ठेवल्यात ना?"

"लोकांसाठी ठेवल्यात. मी नाही म्हटलं का? त्यांना फोन करा."

साहेबांनी वहीतून नंबर काढून फोन केला. चिटणीसबाई तिकडून रागावल्याच. "यात विचारायचं काय? घ्या की." पण खुर्ची काढून चौकात आणली तेव्हा लक्षात आलं, की ती जिन्यावरून उतरणार कशी? एकटे साहेब, घड्याळकाका आणि दोन बुद्धिबळवाले, ज्यांना मिळून एक पाण्याची कळशी उचलता आली नसती. सगळे मावशीभोवती उभे राहिले. चूक कुणाचीच नव्हती, आणि तिचं दुखणं वाढत चाललं होतं. तिने डोळे मिटून घेतले. एवढी वर्षं ती या लोकांच्या दाराबाहेर उभी होती आणि आता पहिल्यांदा आत काहीतरी मागायची वेळ आली होती, तर ती कुठल्याच दारात मावत नव्हती. तिला वाईट वाटलं का, हे तिला पुढे लेकीने विचारलं. ती म्हणाली, "वाईट वाटायला ताकद लागते गं."

तेवढ्यात खालून जड पावलं वाजली. बेवारस प्रेतांचं मंडळ कामावरून परत येत होतं. चौघे धिप्पाड गडी. दिवसा गॅरेजात, गोदामात राबणारे, आणि फोन आला की हातातलं टाकून जाणारे. इमारतीतले लोक त्यांच्याशी सभ्यपणे बोलत, पण जिन्यात जरा अंग चोरून उभे राहत. त्यांच्यातला म्होरक्या मेकॅनिक होता. त्याने चौकातली गर्दी बघितली, मावशी बघितली, आणि काही न विचारता मागच्याला म्हणाला, "स्ट्रेचर आण वर."

"ते... त्याच्यावर?" घड्याळकाका चाचरले.

"धुतलेलं असतं," मेकॅनिक म्हणाला. मग मावशीपुढे उकिडवा बसला. "मावशी, चालेल ना तुम्हाला? गाडी पण आमचीच आहे. कुठली ते तुम्हाला माहितीये."

मावशीने डोळे उघडले. त्या काळ्या गाडीला रोज सकाळी जागा मिळावी म्हणून तिनेच दारापुढच्या दुचाक्या हटवलेल्या होत्या. "कधीतरी बसायचंच होतं," ती म्हणाली. "चल."

त्यांनी तिला उचललं, आणि उचलण्यातच कळत होतं की यांना उचलणं येतं. वळणावर पायाकडचे थांबले, डोक्याकडचे वळले, कुठे धक्का नाही. पण दोन पायऱ्या उतरल्यावर मेकॅनिक म्हणाला, "मावशी, काहीतरी बोलत राहा. आम्हाला जिवंत माणसाची सवय नाही. गप्प झालात की आम्हाला भलतंच काही वाटायला लागतं."

मावशीला हसू आलं. हसल्यावर पायातून कळ गेली, तरी ती हसली. मग बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून ती सांगत गेली, की दुसऱ्या मजल्याचा नळ बंद केलाय तो उघडू नका, आणि संध्याकाळी अडखळणारे यायचेत, त्यांची खोली उघडून द्या. चाव्या तिने साहेबांच्या हातात दिल्या होत्या. सरकारी माणूस आहे, नेणार कुठे, असा तिचा हिशेब.

इस्पितळाच्या फाटकावर रखवालदाराने गाडी बघितली आणि हात करून मागच्या बाजूला, शवागाराकडे वळवली. मेकॅनिक खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "पुढनं जायचंय." रखवालदार म्हणाला, "तुमचं मागनंच असतं." तेव्हा आतून मावशीचा आवाज आला, "अरे बाबा, मला अजून वेळ आहे." तो माणूस पुढचे कित्येक दिवस ही गोष्ट सांगत होता म्हणतात.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. लेक रात्रीतून आली, जावई मागून आला. आणि मग एकेक करून सगळी इमारत भेटायला यायला लागली. अंधांसाठी वाचणाऱ्या बायकांनी मावशीसाठी खास एक पुस्तक वाचून आणलं. ओळखपत्रवाली पोरगी मोठ्ठं कार्ड घेऊन आली, त्यावर मुलांच्या रंगीत सह्या होत्या, आणि खाली मान घालून बसून राहिली. "मी गाडी द्यायला हवी होती," असं म्हणाली. मावशीने तिचा हात धरला आणि विषय बदलला. संघ आणि महासंघ नेमके एकाच वेळी आले आणि पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहिले. मध्ये प्लायवूड नव्हतं, मावशी होती. अडखळत बोलणारे तिघे आले. त्यांना जे म्हणायचं होतं ते म्हणायला वेळ लागला, नर्स दारात उभी राहून घड्याळ बघत होती, पण मावशीने पूर्ण ऐकून घेतलं. ते म्हणत होते, "तुम्ही बऱ्या व्हा." एवढंच. बाकी सगळ्यांनी निघताना एकच प्रश्न विचारला होता: "कधी येताय परत?"

सगळे प्रेमानेच विचारत होते, हे मावशीला कळत होतं. त्या प्रेमात तुंबलेली मोरी होती, न सापडणारी चावी होती, आवरायच्या खुर्च्या होत्या, हेही कळत होतं. चौथ्या की पाचव्या माणसाला "बघू" म्हणून झाल्यावर ती लेकीला म्हणाली, "माझं सामान खोलीतून घेऊन ये. फार काही नाही."

लेक तिच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं मनवून झालं होतं, आता मनवायला कारणच उरलं नाही. "नक्की?" तिने विचारलं.

"दमले मी," मावशी म्हणाली. आयुष्यात हे वाक्य ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली असावी, कारण लेक उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली.

इमारतीत मग इतिहासात पहिल्यांदा सगळ्या संस्थांची एकत्र सभा झाली. विषय एकच, चाव्या कुणाकडे. मेकॅनिकने नंतर येऊन सगळा वृत्तान्त सांगितला. दोन तास झाल्यावर ठरलं, की पाळीपाळीने. कुणाची पाळी कधी यावर आणखी दोन तास. काही दिवस ठीक चाललं. आता बुद्धिबळवाल्यांच्या आठवड्यात लोक अर्धा अर्धा तास फाटकाबाहेर तिष्ठतात, कारण चावीवाल्याचा डाव लांबतो. पण चाललंय. मावशीने ऐकून घेतलं. आपण नसलो तर इमारत बंद पडेल असं तिला कुठेतरी वाटत होतं. ती बंद पडली नाही, याचं तिला बरंही वाटलं आणि जरा लागलंही.

लेकीचं घर तळमजल्यावर होतं. काठी घेऊन मावशी घरातल्या घरात फिरायला लागली. काही महिन्यांनी मोजणीवाले साहेब पत्ता विचारत आले. मोजणी संपली होती, अहवाल छापून झाला होता. त्यांनी नवी चप्पल घेतल्याचं मावशीच्या लक्षात आलं.

"किती निघाल्या मग?" तिने विचारलं.

"शाळा आहेत त्यापेक्षा जास्त," साहेब म्हणाले. "राज्यातल्या सगळ्या गिरण्यांत मिळून जेवढी माणसं कामाला आहेत, त्याहून जास्त माणसं या संस्थांत पगारावर आहेत. मंत्र्यांनाही खरं वाटेना. मोठ्या मोजक्याच, त्यांचाच सगळा बोलबाला. उरलेल्या म्हणजे आपल्या तिसऱ्या मजल्यासारख्या. एक कपाट, दोन माणसं. पण संख्येने त्याच जास्त."

"आणि फुकट राबणारे?"

"त्यांचा अंदाज बांधलाय. मोजून कुठे संपतात."

मावशीने मान हलवली. लेकीने चहा आणून ठेवला. साहेबांची निवृत्ती जवळ आली होती. सोबतच्या एका अधिकाऱ्याने त्यांना कुठल्याशा संस्थेत विश्वस्त व्हायला सांगितलं होतं.

"मग होताय?"

"छे," ते म्हणाले. "घरी बसणार." पण थोड्या वेळाने म्हणाले, "घड्याळकाका मात्र फार मागे लागलेत. सभासद व्हा म्हणतात. एकदा नुसता बघायला गेलो होतो त्यांच्याबरोबर." कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मावशीने विचारलं नाही.

ते गेले त्याच आठवड्यात शेजारच्या बाई आल्या. गल्लीतल्या बायकांनी मिळून एक मंडळ काढायचं ठरवलं होतं. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांच्याकडे आळीपाळीने जाऊन बसायचं, म्हणजे घरच्या बाईला तासभर बाहेर पडता येईल. कल्पना चांगली होती. मावशीने तसं म्हटलंही. बाई खूश झाल्या. "तुम्हाला काही करायचं नाही हो. एक खोली मिळतेय कोपऱ्यावर. तेवढी सकाळ-संध्याकाळ कुणीतरी उघडायला हवी. तुम्हाला अनुभव आहे म्हणून म्हटलं."

आत लेकीच्या हातातली भांडी वाजायची थांबली.

"नाही," मावशी म्हणाली. "मला नाही जमायचं."

बाई थोडा वेळ थांबल्या. 'नाही'च्या मागून 'बघू' येतं का याची वाट बघत असाव्यात. ते आलं नाही. मग त्या तब्येतीचं विचारून, जरा तोंड पाडून गेल्या. पुढे आठवडाभर त्या दिसल्या तरी बोलल्या नाहीत.

मावशी उठली, काठी टेकत आतल्या खोलीत गेली आणि दुपारची आडवी झाली. बाहेर लेक नवऱ्याला फोनवर हलक्या आवाजात सांगत होती, "आई झोपलीये. नंतर कर." खरं तर ती जागी होती. पण कुणी उठवणार नाही, हे नव्यानेच कळत होतं, म्हणून ती तशीच पडून राहिली.